नांगरलेली वाट

गुरुवार, १७ सप्टेंबर १९६४
डेव्हन, इंग्लंड

चि. निवृत्ती,

आधी 'आशीर्वाद' लिहिला होता, मग खोडला. तीन दसरे झाले, तू सोनं द्यायला आला नाहीस आणि मीही तुझ्या दारी आलो नाही. अशा भावाचा आशीर्वाद सात समुद्रापलीकडून पोचतो की वाटेतच भिजतो, कोणाला ठाऊक. खाली जागा उरली तर पाहीन.

तुला पत्र काऊन लिहितो, असं तुझ्या मनात येईल. सांगतो. घरी पत्र घातलं की तुझ्या वहिनीला वाचता येत नाही, म्हणून ती ते नारायणराव मास्तरांकडे नेते, आणि मास्तर ते चावडीवर खड्या आवाजात वाचतात. मागच्या पत्रात मी लिहिलं की थंडीमुळे एकावर एक दोन पायजमे घालतो. तर मास्तरांनीच उत्तरात कळवलं की अमडापुरात आता माझं नाव 'दुपायजम्या' पडलं आहे. तू चौथी पास, स्वतः वाचशील. आणि आपलं बोलणं बंद असल्यामुळे, शेषराव काय म्हणतो, हे तू कोणाला सांगायलाही जाणार नाहीस. असा भरवशाचा माणूस मला दुसरा नाही.

वाटेच्या दाव्याबद्दल या पत्रात एक अक्षर नाही. बारा ऑक्टोबरला चिखलीच्या तहसील कचेरीत तारीख आहे, तिथं काय ते होईल. मी तर दिवाळीच्या तोंडावर परत येणार. म्हणून माझं म्हणणं निघण्याआधीच लिहून, सही करून वकिलाकडे दिलं आहे. त्याची नक्कल तुला मिळाली असेल. तो विषय इथं संपला.

आता कामाचं. इथं दोन वावरांमध्ये मातीचा धुरा नाही. धुऱ्याच्या जागी जिवंत झाडांची भिंत असते, पुरुषभर उंच, काटेरी, आणि इतकी दाट की त्यातून ससा जाईल पण वासरू जाणार नाही. ती दरवर्षी कातरतात. काही काही भिंती पाचशे वर्षांच्या आहेत म्हणतात. मी विचारलं, एवढ्या वर्षांत एकाही भावानं ती हातभर पलीकडे सरकवली नाही? आमच्याबरोबर अकोल्याचे शेतकी अधिकारी उत्तमराव आहेत, आम्हा अकरा शेतकऱ्यांचे कान आणि तोंड तेच. त्यांनी माझा प्रश्न विचारलाच नाही, नुसते हसले. तुला काय वाटतं, आपल्याकडे हिवराची अशी भिंत होईल का? हिवर कातरला तर फुटेल की वाळेल? तुला झाडांचं माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे मी तोंडानं कधी म्हणालो नाही, कागदावर म्हणतो.

आणखी एक. पेटीत कपड्यांच्या तळाशी एक फडक्याची पुरचुंडी निघाली. जवसाची चटणी. तुझ्या वहिनीनं दिलेली बरणी वेगळी, ती वरच होती. या चटणीत लसूण दुप्पट आहे. आपल्या घराण्यात एवढा लसूण घालणारी बाई एकच आहे. पण मी काही म्हणत नाही.

परवा शनिवारी आमची सहल आहे. दोन दिवस. आधी समुद्र, मग खेड्यापाड्यांतून पायी. मिसेस ब्राऊन म्हणून साठीची बाई आहे, पूर्वी शाळेत शिकवायची, ती नेणार. मी अजून समुद्र पाहिला नाही. मुंबईला विमानात बसलो तेव्हा अंधार होता. खारट पाण्याचं आपल्याला कौतुक नाही, लोणार जवळच आहे. तरी पाहून कळवीन.

शेषराव


शनिवार, १९ सप्टेंबर १९६४
समुद्राकाठी, संध्याकाळी सहा

चि. निवृत्ती,

लोणारच्या तळ्याला निदान पलीकडचा काठ आहे. ह्याला नाही. आम्ही अकराजण टेकडीवरून खाली पाहत उभे राहिलो. शेवटी पंजाबचा सरदारजी म्हणाला, "इतना पानी, और एक एकड़ भी नहीं भीगता." सगळ्या शेतकऱ्यांच्या मनातलं तो बोलला.

पाणी चाखलं. लोणारपेक्षा खारट आहे, पण तो वास नाही.

आता माझी फजिती सांगतो. तू हसशील, हस. तू हसलेला मी बऱ्याच दिवसांत पाहिला नाही आणि इथून दिसणारही नाही.

काठापासून दीड-दोनशे पावलांवर समुद्रात एक टेकडी आहे. वर मेंढ्या चरतात आणि एक मोडकी दगडी खोली आहे. काठापासून तिथपर्यंत वाळूतून दगडांची फरसबंद वाट. कोरडी ठक्क. मिसेस ब्राऊननं आम्हाला त्या वाटेनं नेलं, टेकडी दाखवली, घड्याळ दाखवलं, आणि आता परत फिरायचं असं काहीसं म्हणाली. सगळे फिरले. मी राहिलो. मला मेंढीचे खूर पाहायचे होते. एवढ्या ओल्या मुलखात खूर कुजत कसे नाहीत? एक मेंढी गरीब होती, तिचा पाय उचलून पाहिला. आत डांबरासारखं काळं औषध लावलेलं होतं. मग म्हटलं बसून घोटभर पाणी प्यावं, पावाला चटणी लावून खावी. इथल्या उकडलेल्या जेवणानं माझ्या जिभेचं लाकूड झालं आहे. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. लसणामुळे.

खाऊन उठलो, खाली आलो, तर वाट नाही!

वाट होती तिथं पाणी. दोन्हीकडून आलेलं, मध्ये मिळालेलं, आणि हळूहळू चढत होतं. मी जोरात ओरडलो, "उत्तमराव, कोन्या धरनाचं पानी सोडलं बे?" खरंच मला तसंच वाटलं. कोणीतरी वर दरवाजा उघडला आणि खाली माणूस आहे हे पाहिलं नाही.

काठावर मिसेस ब्राऊन दोन्ही हात हलवत होती. गळ्यातला लाल रुमाल काढून तो हलवत होती. ती मघापासून हाका मारत होती म्हणे, माझ्या कानावर पडल्या असतील पण त्या भाषेतली हाक मला हाक वाटली नाही. मग ती बाई, बूट-मोजे-स्कर्टासकट, सरळ पाण्यात शिरली. गुडघ्यापर्यंत. तिथं उभी राहून काठीनं पाण्याखाली ठोकून दाखवू लागली, की वाट इथं आहे, इथं. उत्तमराव मागून ओरडले, "शेषराव, चाला लवकर! मांडीइतकंच हाय, वाट खालीच हाय, सरळ तिच्याकडं पाहत या!"

आलो. मध्ये कमरेपर्यंत पाणी लागलं. धोतर गेलं असतं, पण आत पायजमा होता. पुरचुंडी डोक्यावर धरली होती, ती कोरडी राहिली. काठावर सगळे पोट धरून हसले आणि सरदारजीनं त्याचं घोंगडं माझ्या अंगावर टाकलं.

मग मी त्या बाईला खोदून खोदून विचारलं. हे पाणी कोण सोडतं? तिनं आकाशाकडे बोट केलं. चंद्र. दिवसातून दोनदा वर, दोनदा खाली, आणि परवा पुनव म्हणून आज जरा जास्तच. अरे, आपण पुनव-अवसेला पेरणी टाळतो, कापणी टाळतो, पण चंद्र पाणी ओढतो हे आपल्याला कोणी सांगितलं नाही. विहिरीचं पाणी ओढत असेल का? तू आपल्या विहिरीला अवसेला आणि पुनवेला एकेक खूण करून पाहा. मला उत्सुकता आहे.

मी आणखी विचारलं, मग ही वाट दिवसातून दोनदा बंद असते, तर तिला वाट कसं म्हणायचं? उत्तमरावांनी तिचं उत्तर असं सांगितलं: "बाई म्हनते, पानी आलं म्हनून वाट जात नाही. ती खालीच असते. ज्याले ठाऊक आहे त्यानं उभं राहून दाखवाव लागते, बस."



पाण्यात कमरेपर्यंत होतो तेव्हा मला आपला नाला आठवला. औंदा आखाडातला. ते राहू दे. अंग अजून कापतं आहे आणि खाली चहाला बोलावलं आहे.

शेषराव


रविवार, २० सप्टेंबर १९६४
दुपारी, एका शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून

चि. निवृत्ती,

दोन दिवसांत दुसरं पत्र. पण हे कोणाला सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि इथल्या दहा जणांना ते सांगण्यात अर्थ नाही, कारण त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

आज सकाळी चालत निघालो. गाडीरस्ता सोडला आणि मिसेस ब्राऊन सरळ एका वावरात शिरली. परक्याचं वावर! झाडांच्या भिंतीला एका जागी लाकडाच्या दोन पायऱ्या इकडून, दोन तिकडून. माणूस चढतो, उतरतो, ढोराला ते जमत नाही. तुला आठवतं, बाबांनी वरच्या वावराच्या काटीच्या कुंपणात दुबेळकं रोवलं होतं? दोन फांद्यांचं लाकूड, माणूस आडवा होऊन निघायचा, बैलाचं पोट अडायचं. तू लहानपणी त्यात बसून झोके घ्यायचास. अगदी त्याच कामाची वस्तू. मी त्या पायरीवर हात ठेवून उभा राहिलो तर मागच्यांनी ढकललं.

पण आम्ही अकराही जण पलीकडे उतरून थबकलो. मालक दिसेना, हाक कोणाला मारायची? मिसेस ब्राऊन म्हणाली, ही वाट सगळ्यांची आहे, चला. वावर त्याचं, वाट सगळ्यांची. हे मी उत्तमरावांना तीनदा विचारलं. तीनदा तेच उत्तर आलं.

पुढच्या वावरात कापलेल्या पेंढ्या उभ्या करून ठेवल्या होत्या आणि कोपऱ्यात ताडपत्रीवर दाण्यांची रास. झालं. कोणी कोणाला सांगितलं नाही. सरदारजीनं बूट काढले, मद्रासच्या माणसानं काढले, नगरच्यानं काढले, मीही काढले. खळ्यात पायताण घालून कोण जाईल? अकरा माणसं बूट हातात घेऊन एका रांगेत, खाली धसकटं टोचताहेत, आणि सगळ्यांचे चेहरे देवळात असावेत तसे. ती बाई बूट घालून पुढं निघून गेली होती. तिनं मागं वळून पाहिलं आणि तिला काही कळेना.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. वर सत्तरीचा म्हातारा, लालबुंद, पर्किन नावाचा. मला वाटलं, आता शिव्या. त्यानं इंजिन बंद केलं आणि विचारलं, बूट चावतात का? उत्तमरावांनी सांगितलं, दाण्याची रास म्हणजे आमच्याकडे लक्ष्मी, तिच्याजवळ जोडा नेत नाहीत. म्हाताऱ्यानं आपल्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाला, पुढच्या वावरापर्यंत मी तुमच्याबरोबर येतो. बूट नाही काढले त्यानं, पण राशीला लांबून वळसा घालून आला.

पुढचं वावर नुकतं नांगरलेलं. लाल माती, ढेकळं गुडघ्याएवढी. आणि त्यातून एक फिकी, दाबलेली पट्टी, दोन हात रुंद, या टोकापासून मध्यापर्यंत आली होती. मध्यावर संपली. पुढं नुसती ढेकळं.

मी विचारलं, "हे काय?"

म्हाताऱ्यानं सांगितलं ते उत्तमरावांच्या तोंडून लिहितो: "हे म्हनते, ही वाट. दरसाल नांगरतो, वावराच्या मधातून जाते त काय करू? पन नांगरली की परत द्यावी लागते. कायदा हाय. मी कायद्याची वाट पाहत नाही, रविवारी चर्चातून आलो की पायानं दाबतो. अर्धी झाली, अर्धी राहिली."

पायानं! आपलंच वावर, आपणच नांगरलेलं, आणि हा सत्तरीचा माणूस त्यावर येरझारा घालतो. का, तर दुसऱ्यांना वाट दिसावी.

मी विचारलं, किती लोक येतात या वाटेनं? म्हणाला, पूर्वी शाळेची पोरं यायची. आता फारसं कोणी नाही. मंगळवारी एक बाई येते, पलीकडच्या गावात तिची म्हातारी आई आहे.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "उत्तमराव, इचारा त्याले. एका बाईसाठी एवढं?"

उत्तमरावांनी विचारलं. म्हातारा माझ्याकडे वळला. त्याला खरंच प्रश्न कळला नव्हता असं वाटलं.

"हे म्हनते," उत्तमराव म्हणाले, "मंग किती बाया पायजेत?"

सगळे हसले. मग म्हातारा चालू लागला आणि आम्ही त्याच्या मागे. आता बूट घालून, एकामागे एक, पाय दाबत दाबत. पलीकडच्या भिंतीपर्यंत गेलो, फिरलो, परत आलो. दहा वेळा. बारा माणसांच्या पायांखाली ती राहिलेली अर्धी वाट एका तासात निघाली. मी खाली वाकून माती पाहत होतो. म्हाताऱ्यानं सांगितलं, या पट्टीवरचं पीक दरवर्षी ठेंगणं येतं, कितीही नांगरा, ओळ दिसतेच. शेकडो वर्षांचे पाय आहेत, ते एका नांगरानं निघत नाहीत. असं होतं खरं. मला ठाऊक आहे.

मग त्यानं मला विचारलं. मीच जास्त प्रश्न विचारत होतो म्हणून मलाच. तुमच्याकडे कसं करतात? नांगरल्यावर वाट कशी काढून देता?

दहाही जण माझ्याकडे पाहू लागले.

मी म्हणालो, आमच्याकडे वाट कोणी नांगरत नाही.

उत्तमरावांनी ते इंग्रजीत सांगितलं. म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि माझ्याशी हात मिळवला.

नंतर त्यानं घरी नेऊन चहा दिला. मी पुरचुंडीतली चटणी पुढं केली. चिमूटभर खाऊन तांब्याएवढं भांडं पाणी प्याला आणि विचारलं, ही कोणी केली. मी म्हणालो, घरच्यांनी.

हात दुखतो आहे. थांबतो.

शेषराव


मंगळवार, २२ सप्टेंबर १९६४
डेव्हन

चि. निवृत्ती,

आज पितृपक्ष लागला. येत्या अष्टमीला बाबांचं पान. तीन वर्षं तू वेगळं वाढतोस, मी वेगळं वाढतो. कावळा आधी कोणाकडे जातो हे मी गुपचूप पाहतो. तूही पाहत असशील.

रविवारी त्या म्हाताऱ्याला मी खोटं सांगितलं. दोन रात्री ते पोटात घेऊन झोपलो, आता सांगतो. खोटं बोलणं काही मोठं नाही, बाजारात आपण रोज बोलतो. पण त्यानं टोपी काढली ना, ते नाही सोसलं.

पहिल्यापासून सांगतो. तुला ठाऊक असलेलं पुन्हा सांगतो, कारण हे पत्र तुझ्याशिवाय आणखी एका माणसानं वाचावं असं मला वाटतं. पुढं कळेल.

बाबांनी वाटणी केली तेव्हा वरचं वावर मला, नाल्याकडचं तुला. रस्त्यावरच्या हिवरापासून माझ्या वावरातून तुझ्या वावरापर्यंत दोन हात रुंद वाट होती. बाबांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "वावर वाटलं, वाट वाटू नका." आणि मला वेगळं म्हणाले, "शेषराव, घराची धुरा तुझ्या खांद्यावर. ज्याच्या खांद्यावर धुरा, त्यानं धुऱ्यासाठी भांडू नये." मी मान डोलावली होती. मला तो शब्दांचा खेळ वाटला होता.

मग पीकस्पर्धा आली. सलग एक एकर मोजून द्यायचा होता. मोजणारा आला, साखळी टाकली, तर वाट मधोमध. तो म्हणाला, "वाट वजा कराव लागन, एकर भरत नाही." दुसरीकडे माझी जमीन बरड. मी म्हणालो, वाट कुठं हाय, पोरं जातात येतात म्हणून खूण पडली. दुसऱ्या दिवशी पहाटे नांगर घातला. देवाची शपथ, मनात होतं एका हंगामापुरतं. सुगी झाली की काढून देऊ, निवृत्ती चार महिने धकवून घेईल. तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास. ते मला तेव्हाही ठाऊक होतं. विचारायची लाज वाटली, एवढंच.

ज्वारीचा जिल्ह्यात पहिला नंबर आला. बुलढाण्याला हार घातला, बिल्ला दिला. आता वाट काढून दिली तर लोक म्हणणार, अरे, एकरात वाट होती, मोजणी खोटी. म्हणून काटी लावली. तू विचारायला आलास तेव्हा मी काय म्हणालो ते मला पाठ आहे. "कोनती वाट बे?" तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस आणि निघून गेलास. त्यानंतर आपण बोललो नाही.

त्या बिल्ल्यावर माझी इंग्लंडसाठी निवड झाली. म्हणजे हा समुद्र, ही मेंढी, हा म्हातारा, हे सगळं मी तुझ्या वाटेवर उभं राहून पाहिलं.

आता आखाडातलं. ते मला सांगायचंच नव्हतं.

नाल्याला पूर आला त्या दिवशी मी हिवराखाली होतो. छत्री घेऊन. तुझी तानूबाई तुमच्या वावरात नाल्याकाठी उभी होती, डोक्यावर चाऱ्याचा भारा, म्हैस दोरीनं धरलेली. गावाकडे यायचं तर नाल्यातून यायचं किंवा माझ्या वावरातून. तिनं मला पाहिलं. मी तिला पाहिलं. मधे माझी काटी. ती बराच वेळ उभी राहिली. मला वाटतं ती हाकेची वाट पाहत होती.

मी हाक मारली नाही. मनाशी म्हणालो, मी भासरा, धाकट्या भावाच्या बायकोला भासऱ्यानं नाव घेऊन हाक मारू नये. रीत आहे. किती सोयीची रीत निघाली ती! मग ती म्हशीचं शेपूट धरून पाण्यात उतरली, मध्ये घसरली, कशीबशी निघाली, आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. मी छत्री मिटली आणि दुसऱ्या बाजूनं घरी गेलो. कोणाला सांगितलं नाही. तुझ्या वहिनीलाही नाही.

आणि इथं एक परकी म्हातारी, माझं नावही तिला धड येत नाही, सिसराव म्हणते, ती बुटांसकट पाण्यात उतरून ओरडत होती की वाट इथं आहे.

तानूबाईचा हात हाडवैद्यानं वाकडाच बसवला, असं ऐकलं. जवस कुटायला उजवा हात लागतो. ती चटणी तिनं त्याच हातानं कुटली असणार. कशाला दिली, निवृत्ती? मला खरंच कळत नाही. मी या महिनाभरात शंभर गोष्टी विचारल्या, गाईचं दूध यंत्र कसं ओढतं, चंद्र पाणी कसं ओढतो, सगळ्यांची उत्तरं मिळाली. याचं मिळालं नाही. तू तिला विचार.

आता नीट वाच. हे खाली आहे ते तहसीलदार साहेबांसाठी:

'मी, शेषराव भगवंतराव मेहेत्रे, राहणार अमडापूर, तालुका चिखली, माझ्या हातानं, कोणाच्या दबावाशिवाय लिहून देतो की माझ्या वरच्या वावरातून, रस्त्यावरच्या हिवरापासून माझा भाऊ निवृत्ती याच्या वावरापर्यंत, वडिलांच्या आधीपासून वाट होती. ती मी चार वर्षांपूर्वी नांगरली. अशी वाट कधीच नव्हती, हे मी आधी सही करून दिलेलं म्हणणं खोटं आहे. वाट होती. सही, शेषराव भगवंतराव मेहेत्रे.'

हे पत्र बारा तारखेला साहेबांपुढं ठेव. पूर्ण ठेव, फक्त हा तुकडा नको. वकील म्हणेल, भाऊ परदेशात आहे, पत्र कशावरून त्याचं. तर साहेबांना वावरात ने आणि ज्वारी दाखव. वाट होती तिथली ओळ दरवर्षी ठेंगणी आली आहे. मी विचारणाऱ्याला सांगत आलो की तो खारवट पट्टा आहे. तूही पाहिली असशील, तुझी नजर झाडाची आहे. शेतकी खात्याला बिल्ल्याबद्दल मी वेगळं पत्र लिहितो आहे. उत्तमरावांना आज सकाळी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "शेषराव, काऊन स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेऊन राह्यले?" मी म्हणालो, धोंडा आधीच मारला होता, आता उचलतो आहे. बिल्ला परत मागतील. मागू देत. चावडीवर मास्तर हेही वाचतील. वाचू देत.

आणि बारा तारखेपर्यंत थांबू नको. हे पत्र वाचून झालं की काटी उपट. ज्वारी निसवली असेल, दाणा भरत असेल, मला ठाऊक आहे. त्यातूनच चाल. उभ्या पिकातून. तुला जीवावर येईल, शेतकऱ्याचं पाऊल उभ्या पिकात पडत नाही. तरी तुडव. मी सांगतो आहे. रोज ये-जा कर, म्हणजे दिवाळीपर्यंत वाट निघेल. राहिलेली मी येऊन पायानं काढीन. इथं शिकून आलो आहे, एका तासाचं काम आहे, माणसं मात्र दोन्ही टोकांकडून चालायला हवीत.

कागदाला खाली दोन बोटं जागा उरली. इथं आशीर्वाद लिहिणार होतो. तो तुला द्यायची माझी लायकी आहे की नाही हे तू ठरव. त्या जागेवर तानूबाईला एक निरोप लिहितो. नाव घेऊन हाक मारतो आहे, रीत मोडतो आहे, तिला सांग. आखाडात हिवराखालून जे म्हणायचं राहिलं, तेच आहे. तुझ्या तोंडानं म्हण, पण आवाज माझा समज.

तानू, इकून ये वं माय.

शेषराव